सातबारा आपल्या नावे, पण कातळाखालचे कोणाचे?

आपल्याकडील जुन्या खरेदीखतात एक ओळ हमखास आढळते. जमिनीच्या चतुःसीमा लिहून झाल्या की लेखनिक लिहितो, 'सदर मिळकत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह कायमची खरेदी दिली असे.' वाचताना ही ओळ फार भारदस्त वाटते. विकत घेणाऱ्याचा समज होतो की वरचे पाणी आणि झाडे तर आपली झालीच, शिवाय आतला दगड आणि पुरलेला हंडासुद्धा आपला झाला. आमच्या मंडळाच्या कित्येक सभासदांनी आयुष्याची पुंजी घालून, कोणी निवृत्तीच्या पैशातून तर कोणी मुंबईच्या गिरणीतून मिळालेल्या देण्यातून, गावाकडे वीस-तीस गुंठे जागा घेतली ती याच ओळीच्या भरवशावर. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

निमित्तही घडले. अभ्यासवर्गातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "अमेरिकेत म्हणे घर विकतात पण घराखालचा वायू विकत नाहीत. आपल्याकडे तसे होते का?" प्रश्न चांगला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, टेक्सास अशा राज्यांत जमिनीचा पृष्ठभाग आणि जमिनीखालचे खनिज या दोन वेगवेगळ्या मालमत्ता होऊ शकतात. आजोबांनी शेत विकताना तेल, वायू व कोळसा यांचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला असेल, तर आज त्यावर घर बांधून राहणाऱ्याच्या हाती फक्त वरचा थर असतो. मग कंपनी यंत्रे घेऊन येते, भाडे व स्वामित्वधन मिळते दुसऱ्याच कोणाला, आणि घरमालकाच्या अंगणात आवाज, रस्ता नि गढूळ पाणी येते. म्हणून तेथे वायूच्या प्रदेशात जागा घेणारा माणूस जमिनीची कागदपत्रे पाहतो तशीच खनिजाची वंशावळही तपासून घेतो.

आपल्या रत्नागिरीत जमिनीवर वायूच्या विहिरी नाहीत. १९७४ साली सापडलेले बॉम्बे हाय समुद्रात आहे, आणि समुद्रतळाखालची संपत्ती राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार केंद्र सरकारकडे आहे. आपल्या दारात वायू येतो तो जहाजाने गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर आणि तेथून नळाने पुढे. त्याविषयी खाली लिहू. पण जमिनीखाली विकण्याजोगे काही नाही असे मात्र समजू नये. आपला सारा सडाच विकण्याजोगा आहे. जांभ्याचा चिरा आहे, महामार्गाच्या कामासाठी काळा दगड आहे, मंडणगड आणि दापोलीच्या माथ्यांवर बॉक्साइट आहे आणि काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवर इल्मेनाइटची काळी वाळू आहे. प्रश्न तोच राहतो, मालक कोण?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ मध्ये याचे उत्तर आहे. खनिज कोठेही सापडो, पृष्ठभागावर वा भूगर्भात, चालू खाणीत वा सोडून दिलेल्या खड्ड्यात, शेतात, नाल्यात, खाडीत किंवा नदीपात्रात, त्याचा हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवलेला आहे असे हे कलम सांगते. हा काही नवा विचार नव्हे. इंग्रजी अमदानीत १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम ६९ नेही सरकारने खाणींचा हक्क राखला होता. मात्र कब्जेदाराचे आधीपासूनचे काही हक्क असतील तर ते अबाधित ठेवले होते. तेव्हा कोणी 'आमच्याकडे जुनी सनद आहे, खनिज आमचेच' असे म्हटले तर त्याला खोटे पाडण्याची घाई करू नये. कागद मात्र मागावा. कागदावाचून तो दावा पोकळ होय.

येथे विद्यार्थ्यांना एक निकाल सांगितला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतून तो अर्धवट पोहोचला. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थ्रेसियाम्मा जेकब प्रकरणात म्हटले की, सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर भूगर्भाचीही मालकी येते, कायदेशीर मार्गाने ती काढून घेतलेली नसेल तर. हा निकाल केरळातील मलबारच्या जन्मी जमिनींविषयी होता. तेथे ती मालकी काढून घेणारा कायदा न्यायालयाला दिसला नाही. आपल्याकडे कलम ४८ हे तसे राखून ठेवणारे कलम आहे. त्यामुळे मलबारचा निकाल दाखवून कोणी आपल्या गावी 'आता दगड आपला, रॉयल्टी कशाला' असे सांगू लागला तर त्याच्या नादी लागू नये.

मग खरेदीखतातील त्या भारदस्त ओळीचे काय? जे विकणाऱ्याचे नव्हते ते त्याला विकता येत नाही. 'पाषाण' शब्द लिहिला म्हणून चिऱ्याची खाण खरेदीत येत नाही. 'निधी' लिहिला म्हणून पुरलेला हंडाही येत नाही; १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दहा रुपयांत आज एक कटिंग चहाही धड येत नाही, पण आकडा तोच आहे.

आता हा विषय पुस्तकी राहू नये म्हणून आमच्या एका सभासदांची हकिगत सांगतो. नाव व गाव मुद्दाम लिहीत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सड्यावर तीस गुंठे कातळ घेतला. विकणारे तिघे भाऊ, दोघे मुंबईत, एक गावी. सातबारा स्वच्छ होता. खरेदीखत रीतसर नोंदले. जागेच्या एका कोपऱ्यात जुना चौकोनी खड्डा होता, पुरुषभर खोल. 'पावसाचे पाणी साठते, काजूला बरे' असे गावच्या भावाने सांगितले. तीन महिन्यांनी तहसील कार्यालयाची नोटीस आली. त्या गटातून परवानगीशिवाय जांभा दगड काढल्याचा पंचनामा झालेला होता, खड्ड्याची मोजणी करून ब्रास काढलेले होते, आणि दंडाची रक्कम सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात बोजा म्हणून चढली होती. आमच्या सभासदांना दाखवलेला सातबारा दोन वर्षांपूर्वीचा निघाला. एवढ्यावरच थांबले नाही. पुढच्या आठवड्यात एक खाणवाला डंपर घेऊन हजर झाला. त्याच्याकडे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर गावच्या भावाची सही होती, 'पाच वर्षे चिरा काढण्यास संमती आहे' अशी.

यात किती चुका एकत्र झाल्या ते पाहा. दगड काढायचा तर शासनाचा परवाना लागतो, मग जमीन स्वतःची का असेना. घरबांधणीचा दगड, रेती, मुरूम, साधी माती यांना १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्यात गौण खनिज म्हटले आहे, आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. आपल्याकडे हल्ली २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. खाणवाला परवाना मागतो तेव्हा त्याला जमीनमालकाचे संमतीपत्र लागते, आणि सामाईक जमीन असेल तर सर्व सहहिस्सेदारांचे. तिघांपैकी एकाची सही पुरत नाही. विनापरवाना दगड काढला तर कलम ४८ च्या पोटकलम ७ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. डंपर आणि यंत्रही अडकते. आणि ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, म्हणजे ती जमिनीवर बसते. माणूस बदलला तरी बोजा जमिनीबरोबर राहतो. ज्याने चिरा विकून पैसे घेतले तो मुंबईत, आणि ज्याने कधी कुदळही मारली नाही त्याच्या सातबारावर आकडा!

खाणवाल्याच्या मुद्रांकाविषयीही सांगतो. दुसऱ्याच्या जमिनीतून दगड काढून नेण्याचा हक्क हा जमिनीतून मिळणारा लाभ आहे, साधी मालविक्री नव्हे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. नोंदणी नसलेल्या अशा कागदाच्या बळावर न्यायालयात उभे राहणे कठीण असते. तरीही डंपर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी पहिल्या दिवशी कायदा बोलून भागत नाही, हे आमच्या सभासदांनी अनुभवले. त्यांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले. मुंबईच्या दोघा भावांनी, हे त्यांच्या चांगुलपणाचे म्हटले पाहिजे, आपला वाटा भरला. तिसऱ्याचा वाटा अजून वादात आहे.

यावरून जागा घेणाऱ्याने काय करावे? सातबारा त्याच आठवड्याचा काढावा आणि वरच्या नावाआधी 'इतर हक्क' वाचावे. बहुतेकजण नाव आणि क्षेत्र पाहतात, डोळे तेथेच थांबतात. 'इतर हक्क' मध्ये बँकेचा बोजा असतो, कुळाचे नाव असते, दंड असतो, वायुवाहिनीचा वापरहक्क असतो. प्रत्येक नोंदीपुढे फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार तलाठ्याकडून काढून वाचल्याखेरीज त्या नोंदीचा अर्थ लागत नाही. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनचा शोध घ्यावा, म्हणजे नोंदलेला एखादा पट्टा असेल तर दिसेल. आणि जागेवर जावे, तेही पावसाळ्यानंतर. कातळावर सरळ रेषेत कापलेली भिंत दिसली तर ती निसर्गाने कापलेली नाही. त्या खड्ड्याचा परवाना कोणाच्या नावे होता, स्वामित्वधन भरल्याच्या पावत्या कोठे आहेत, हे विकणाऱ्याला लेखी विचारावे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली फुटांत मोजून गुणाकार केला आणि शंभराने भागले की किती ब्रास गेले याचा अंदाज दहावीचा विद्यार्थीही काढील. तो आकडा पावत्यांशी जुळतो का ते पाहावे.

खरेदीखतात त्या संस्कृतप्रचुर ओळीच्या जोडीला साध्या मराठीत दोन वाक्ये घालावीत असे आमचे मत आहे. एक, या जमिनीतून कोणालाही दगड, माती वा अन्य खनिज काढण्याची संमती दिलेली नाही. दुसरे, खरेदीच्या आधीच्या उत्खननाबद्दल दंड वा स्वामित्वधन निघाल्यास ते विकणाऱ्याने भरून द्यावे. याने शासनाची वसुली थांबत नाही, पण विकणाऱ्याकडून परत मिळवण्याचा दरवाजा उघडा राहतो.

आपल्या समाजाच्या जमिनींबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती समजण्यास थोडा इतिहास लागतो. या जिल्ह्यात खोतीचा जाच किती होता हे घरोघरी वृद्धांनी सांगितलेले आहे. सरकार आणि रयत यांच्यामध्ये बसून खोत वसूल करी, आणि कसणाऱ्याचा जमिनीवर नावापुरताही हक्क नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे १९५७ च्या १ एप्रिलला कृषक दिनाने कुळे मालक झाली आणि १९५८ च्या कायद्याने महारकीसह कनिष्ठ गावकामगार वतने संपली. वतनाच्या जमिनी नव्या व अविभाज्य शर्तीवर परत दिल्या गेल्या. म्हणून आपल्या पुष्कळ घरांच्या सातबारावर आजही भोगवटादार वर्ग २ असे असते, आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची नोंद असते.

खाणीशी याचा संबंध असा. अशा जमिनीची विक्री वा बिगरशेती वापर शासनाच्या शर्ती पाळल्यावाचून करता येत नाही, आणि चिरा काढण्याचा परवाना मागताना शर्तभंगाचा प्रश्न उभा राहतो. खाणवाले हे जाणतात. गरजू घरात जाऊन 'काही विकायचे नाही, फक्त वरचा कातळ उचलतो, खाली माती निघाली की झाडे लावा' असे ते सांगतात. कातळ गेला की माती निघते हे नेहमी खरे नसते. जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ पिवळसर थर लागतो, त्यात झाड धरत नाही, आणि सड्यावर मुरून वाडीतल्या विहिरीला येणारे पाणी वाट बदलते. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. वाडीच्या वर खाण आणि खाली विहीर असेल तर आधी विहिरीचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग चिऱ्याचा भाव कितीही असो. (वडिलोपार्जित वतनाच्या कातळावर आपणच संमतीपत्र देऊन बसलो अशी उदाहरणे आमच्याही ओळखीत आहेत, दोष फक्त खाणवाल्यांचा नाही.)

शेजाऱ्याने आपल्या हद्दीपर्यंत खाण आणली तर? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. आपला बांध ढासळू लागला तर तक्रार करता येते. मात्र हद्द कोठे आहे हेच ठाऊक नसेल तर काय सिद्ध करणार? खरेदीपूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. खर्च होतो, वेळ लागतो, तरी करावी.

मोठ्या खनिजांची गोष्ट निराळी. बॉक्साइट हे गौण खनिज नव्हे. २०१५ पासून अशा खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात. पट्टेदाराला दुसऱ्याच्या जमिनीत प्रवेशाचा हक्क मिळू शकतो, पण पृष्ठभागाच्या कब्जेदाराला भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. महसूल संहितेच्या कलम ४८ मध्येही हितसंबंधितांना नोटीस, हरकतींची सुनावणी आणि भरपाई यांची तरतूद आहे. नोटीस आली तर ती उंबऱ्यावर ठेवून देऊ नये, मुदतीत लेखी हरकत द्यावी. पश्चिम घाटाच्या प्रश्नावरून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नव्या खाणींच्या मंजुऱ्या स्थगित केल्या होत्या, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे ठरवले. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी येथील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कातळ घेताना त्यावर कोरलेले काही आहे का हेही पाहावे.

आता वायूकडे वळू. दाभोळचा वायू प्रकल्प आणि तेथून बेंगळुरूकडे जाणारी, २०१३ मध्ये सुरू झालेली वाहिनी आपल्याच जिल्ह्यातून निघते. वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याप्रमाणे केवळ वापराचा हक्क घेतला जातो. मालकी आपली राहते, भातही लावता येते. पण त्या पट्ट्यावर घर किंवा अन्य बांधकाम करता येत नाही, विहीर वा तळे खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. आंबा-काजूच्या मुलखात 'झाड लावू नये' ही अट किती जड आहे हे सांगायला नको. अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते. नुकसानीची भरपाई निराळी, आणि वापरहक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. ही रक्कम एकदाच मिळते व ती त्या वेळच्या मालकाला मिळते. पुढे जागा विकत घेणाऱ्याला रक्कम मिळत नाही, फक्त अट मिळते. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या लांबट तुकड्यावर वाहिनीच्या खुणेचे खांब दिसले तर भाव का उतरला आहे ते ओळखावे.

शेवटी घर बांधणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न घेऊ. पाया खोदताना निघालेल्या मातीवरही स्वामित्वधन द्यावे लागते काय? डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सांगितले की, खोदले म्हणून ती माती आपोआप गौण खनिज ठरत नाही. तिचा उपयोग कशासाठी केला ते पाहावे लागते. त्यानंतर राज्याच्या नियमांतही, त्याच भूखंडावर सपाटीकरणासाठी वापरलेल्या मातीला सवलत देणारी दुरुस्ती झाली. वर ज्यांची हकिगत सांगितली त्या सभासदांनी यंदा घराचा पाया खोदला. निघालेली माती जोत्यात भरली, अंगण सारखे केले, तरी दोन ट्रक मुरूम उरला. तो वाडीतील विहाराच्या आवारात भरावाला द्यावा असे त्यांच्या मनात होते आणि ट्रकही ठरला होता. दान असले तरी माल भूखंडाबाहेर जातो, तेव्हा परवाना आणि वाहतूक पास लागेल, हे आम्ही त्यांना सांगितले. अर्ज तहसील कार्यालयात दिला आहे. मुरूम अजून अंगणातच आहे.